मुलाखत घ्यायचीय? आधी साउंडवाल्याला गाठ

गायकाकडे थेट धावू नकोस. आधी मिक्सरमागे बसलेल्या माणसाशी बोल, अर्थात साउंडचेक आटोपल्यावर. गायकाला मॉनिटरमध्ये (म्हणजे स्टेजवर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तंबोरा किती लागतो, स्पीकरची शिट्टी कुठल्या माइकमुळे येते, आयोजकांनी ऐनवेळी कशाला कात्री लावली, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि त्याला सहसा कुणी काही विचारत नाही, त्यामुळे तो भरभरून बोलतो.

कलाकाराला मैफलीआधी छेडायचं नाही. नंतर चहाच्या वेळी बोल. 'प्रेरणा कुठून मिळाली?' हा प्रश्न वहीतून खोडूनच टाक; त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्यापेक्षा समोरच्या वाद्याबद्दल विचार. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकला तरी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, खुलते नाहीतर बसते. 'जवारी कुणाकडून काढून घेता?' एवढं विचारलंस की गाडी मिरजेच्या कारागिरांपर्यंत जाते. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, एवढं तरी वाचून जा.)

स्वतःच कार्यक्रम लावणाऱ्यांना खर्चाचं जरूर विचार: हॉलचं भाडं, साथीदारांचं मानधन, प्रवास. पण हा विषय शेवटी काढ, आणि आकडे छापू का, हे त्यांनाच विचार.

तबला, पेटी, तंबोऱ्यावर कोण होतं, ती नावं तिथेच लिहून घे. फोन पंख्याखाली ठेवू नकोस, रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर येते.