रोज गोळी घेऊनही टीएसएच वाढलेलाच! : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय ३४. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी न चुकता घेते, तरी टीएसएच ११ आला. गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते. अंगात रक्त कमी म्हणून लोहाची गोळीही त्याच वेळी. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड जास्त झाला का? गोळी बंद करू का?
– एक भगिनी, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, गोळी अजिबात बंद करू नका. टीएसएच हे संप्रेरक (हार्मोन) थायरॉइड ग्रंथीतून येतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी सोडते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ आणि थोडं टी-३ ही संप्रेरकं बनवते; तुमची गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं टी-४च. रक्तात ते कमी पडले की पिट्युटरी टीएसएच वाढवते, जास्त झाले की घटवते. म्हणजे तुमच्या ११ चा अर्थ बरोबर उलटा आहे : शरीराला टी-४ पुरत नाही.

गोळी रोज पोटात जाते, पण रक्तात पुरती पोहोचत नाही, हे याचं सर्वांत संभवनीय कारण. लोह आणि कॅल्शियम आतड्यात या औषधाला धरून ठेवतात आणि ते शौचावाटे निघून जातं. चहानंही शोषण घटतं. उठल्या उठल्या गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या. नंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा-नाश्ता नको. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं चार तासांनंतर. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर ठेवली की गोंधळ होत नाही. पहाटे शेतात जायची घाई असेल, तर थायरॉइडची गोळी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. एकादशी असो की नवरात्र, ही गोळी उपवासातही घ्यायचीच.

आधी वेळ सुधारा. डोस वाढवायचा का, ते पुढच्या तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. ती तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करा. टी-४ चं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला महिना-दीड महिना जातो. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीत पैसे वाया जातात. मध्येच छातीत धडधड किंवा हाताला कंप सुरू झाला, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना भेटा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल, तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा. त्यानं आकडे खोटे येतात.

उन्हाळ्यात लातूरकडे पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या घरात चुलीजवळच्या फळीवर गोळ्या ठेवू नका. आणि दिवस राहिल्याचं कळलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच टी-४ वर अवलंबून असतं आणि डोस बहुधा वाढवावा लागतो.

प्रश्न : आईला गुडघेदुखीवर एका ठिकाणच्या पुड्यांनी लगेच आराम पडतो. पण वर्षभरात चेहरा गोल झाला, साखरही वाढली. पुड्या आजच बंद कराव्यात का?
– वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : या पुड्यांत स्टेरॉइड असल्याची दाट शंका येते. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, तेही पिट्युटरीच्या हुकमावर. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की हुकूम थांबतो आणि ग्रंथी सुस्तावतात. पुड्या एका दिवसात तोडल्या, तर रक्तदाब कोसळणं, उलट्या, प्रचंड अशक्तपणा, प्रसंगी मृत्यूही. पुड्या घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. डोस उतरवायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

प्रश्न : वडील ५५ वर्षांचे, ३०/७० इन्सुलिन दोन वेळा घेतात. ऊसतोडीला जाणार आहेत. कोपीत फ्रिज नाही, काय करावं?
– केज (जि. बीड)

उत्तर : वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच हव्यात, म्हणून साठा नेऊ नका. कारखान्याजवळच्या मेडिकलमधून एकेक बाटली घ्या. मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथं ठेवा आणि वाळू दोन वेळा भिजवा. कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. बर्फावर ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ३०/७० हे मिश्र इन्सुलिन दुधाळच असतं, पण तळहातांत हळू फिरवूनही गुठळ्या राहिल्या तर बाटली टाकून द्या.

बाटलीवर ४० (एका मिलीलिटरमधली युनिटं) लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर केशरी. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर अडीचपट इन्सुलिन जातं.

खरा धोका फडात आहे. राबणारे स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात, त्यामुळे नेहमीचाच डोस जड होऊ शकतो. निघण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, इंजेक्शन मांडीऐवजी पोटावर द्या आणि ते घेतल्यावर जेवणाला उशीर नको. साखर उतरली की ॲड्रेनलिनमुळे घाम आणि थरथर सुटते. पण फडात घाम एरवीही येतो, म्हणून थरथर, अचानक चिडचिड, अडखळतं बोलणं याकडे लक्ष द्या. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, मग भाकरी. मुकादमाला आणि टोळीतल्या दोघांना हे शिकवून ठेवा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.