स्वित्झर्लंडमधल्या बाझलला नोकरीसाठी नुकतेच आलो आहोत. उन्हाळ्यात इथे काय करायचं, आणि ओळखी कशा होतील?

आधी विकेलफिश घ्या. माशाच्या आकाराची, पाणी न शिरणारी पिशवी असते. कपडे, चपला, मोबाइल आत कोंबायचे, तोंड घट्ट गुंडाळायचं आणि ती घेऊन टिंगेली म्युझियमपाशी ऱ्हाईनमध्ये उतरायचं. पुढचं काम प्रवाह करतो. फक्त क्लाइनबाझलच्या, म्हणजे उजव्या, काठानेच जा, मधून मालवाहू बोटी जातात. आणि पोहता येत नसेल तर नकोच. पिशवी तरंगते म्हणून तिच्या भरवशावर उतरू नका.

ऑगस्टमध्ये शहराचा सामूहिक पोहण्याचा कार्यक्रम असतो. नवख्यांनी पहिल्यांदा त्यातच उतरावं, सोबत भरपूर असते.

राष्ट्रीय दिन १ ऑगस्टला, पण ऱ्हाईनवरची आतषबाजी ३१ जुलैच्या रात्री! आम्ही पहिल्या वर्षी १ तारखेला सतरंजी, चिवडा घेऊन पोचलो, तर काठावर शुकशुकाट.

उन्हाळ्यात मिटलेरे ब्र्यूके या पुलाजवळ तरंगत्या स्टेजवर गाणी होतात. तिकीट नाही, टोपी फिरते. तीत नाणी टाकायला लाजू नका.

ओळखींचं म्हणाल तर नोव्हार्टिस, रोश या औषध कंपन्यांमुळे इथे इंग्रजीवर भागतं, आणि तीच अडचण आहे. माणसं आपल्याच कंपूत राहतात. त्यापेक्षा एखाद्या फेराइनचे, म्हणजे स्थानिक मंडळाचे, सभासद व्हा. गाण्याचं, डोंगर चढण्याचं, काहीही चालेल. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा वेळ मिळतोच.