कळलं कधी, हे आधी विचार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. समुद्रातल्या गॅस लाइनवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात जेमतेम रुजू झालीस आणि नेमका मर्मावरचा प्रश्न विचारलास, याचा मला फार आनंद झाला. बैठकीत कंपनीचा माणूस म्हणाला, "पाइप उघडा पडलाय हे आम्हाला या सर्व्हेतच कळलं, आणि कळल्याबरोबर तुम्हाला कळवलं." कागद सगळे जागच्या जागी होते. तरी तुला काहीतरी खटकत राहिलं, म्हणून तू विचारलंस: यात नेमकं बोट कशावर ठेवावं?

तुझी शंका रास्त आहे. समुद्राखालच्या गॅस लाइनच्या बाबतीत कंपनीच्या जबाबदारीचं घड्याळ बहुधा तिला कळल्या क्षणापासून सुरू होतं. त्यामुळे ती तारीख जितकी अलीकडची दाखवता येईल, तितकं तिला सोयीचं. कंपनीला काय कळलं हे ती स्वतःच सांगेल. कधी कळलं, आणि खरं तर कधी कळायला हवं होतं, हे शोधायचं काम तुझं.

उदाहरणं अमेरिकेतली देतो. तिथले तपास अहवाल, नोटिसा, आदेश लोकांसाठी खुले असतात, म्हणून त्यांच्यावरून शिकता येतं.

३ ऑक्टोबर १९८९. टेक्सासमधल्या सॅबिन पासजवळ, किनाऱ्यापासून मैलभरही आत नाही अशा उथळ पाण्यात 'नॉर्थम्बरलँड' ही मेनहेडन जातीचे मासे धरणारी बोट काम करत होती. तिची धडक तळावरच्या १६ इंची गॅस लाइनला बसली. पाइप फुटला, गॅसनं पेट घेतला आणि बोटीवरच्या १४ जणांपैकी ११ जण गेले. ही लाइन टाकली तेव्हा तळाखाली नीट पुरलेली होती. पुढं वरची माती निघून गेली आणि ती उघडी पडली. ती पुरलेलीच आहे ना, हे ठरावीक काळानं जाऊन पाहायला कंपनीला कुणी भाग पाडत नव्हतं. दोनच वर्षं आधी, १९८७ मध्ये, 'सी चीफ' नावाची अशीच मासेमारी बोट ८ इंची लाइनला लागून दोघांचा जीव गेला होता. म्हणजे इशारा मिळालेला होता.

तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं तपास केला. मुख्य दोष कंपनीचा: लाइन ज्या खोलीवर पुरली त्या खोलीवर राखली नाही. पण मंडळ तिथं थांबलं नाही. अशा लाइन तपासायची आणि सुरक्षित ठेवायची सक्ती सरकारी नियामकांनी केली नाही, हेही अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं. तो अहवाल मिळवून वाच. हा भाग आपल्यासारख्यांबद्दल आहे, आणि नोकरीच्या सुरुवातीलाच वाचलेला बरा.

नोव्हेंबर १९९० मध्ये कायदा झाला. मेक्सिकोच्या आखातातल्या १५ फुटांपर्यंत खोलीच्या पाण्यातल्या लाइन पाण्याखाली जाऊन तपासा, असं कंपन्यांवर बंधन आलं. त्यावरून जो नियम लिहिला गेला, त्यात तपासणी ३ ऑक्टोबर १९८९ नंतरची आणि १६ नोव्हेंबर १९९२ च्या आतली हवी असं म्हटलं होतं. ती ११ माणसं गेली तो दिवस कलमात तारीख होऊन बसला. नियमातली एखादी तारीख मनमानी वाटली की ती तिथं का आली हे शोधत जा; पुष्कळदा तिच्यामागे कुणाचं तरी घर उजाड झालेलं असतं.

ती तपासणी मात्र एकदाच करायची होती. समुद्राचा तळ काही एकदाच हलत नाही. वारंवार तपासणीची कार्यपद्धती प्रत्यक्ष लागू व्हायला १० ऑगस्ट २००५ उजाडलं, आणि त्यानंतर १९ दिवसांनी कॅटरिना वादळ त्याच आखाताच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं.

आता त्या नियमातलं घड्याळ बघ. १५ फुटांहून कमी पाण्यात पाइप तळावर उघडा दिसला, किंवा त्याच्यावर १२ इंचांहून कमी माती उरली, की कळल्यापासून २४ तासांत राष्ट्रीय प्रतिसाद केंद्राला, म्हणजे अशा सूचना घेणाऱ्या सरकारी केंद्राला, कळवायचं. ७ दिवसांत दोन्ही टोकांना आणि मध्ये जास्तीत जास्त ५०० यार्डांवर खुणा लावायच्या. ६ महिन्यांत पुन्हा पुरायचा, साध्या तळात ३६ इंच आणि खडकात १८ इंच. सहा महिन्यांची मुदत १ नोव्हेंबरच्या पुढं जात असेल, तर पुरण्याला पुढल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत मुभा आहे. म्हणजे ऐन पावसाळी वादळांच्या दिवसांतही पाइप कायदेशीरपणे उघडा असू शकतो आणि मच्छीमाराला वाचवायला पाण्यात फक्त त्या खुणा असतात. म्हणून मला त्या ७ दिवसांच्या कलमाचं मोल ६ महिन्यांच्या कलमापेक्षा जास्त वाटतं. तुझ्यासमोर असं प्रकरण आलं तर दुरुस्तीच्या वेळापत्रकावर तासभर घालवण्याआधी विचार: आज, या घडीला, वरून जाणाऱ्या बोटीला कसं कळतंय?

या सगळ्या मुदती कळल्यापासून आहेत. आणि तपासणी किती काळानं करायची याचा आकडा नियमात नाही. धोका ओळखून कंपनीनं ठरवायचं. २०२२ मध्ये आणखी एक नियम आला: मोठ्या वादळानंतर ७२ तासांत तपासणी सुरू करा. पण ते ७२ तासही तिथं सुरक्षितपणे जाता येईल असं कंपनीला वाजवीपणे वाटल्यापासून मोजायचे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. खवळलेल्या पाण्यात पाणबुड्यांना ढकलणारा नियम कुणालाच नको. पण जिथं जिथं निर्णय कंपनीच्या हातात ठेवलाय, तिथं तो निर्णय कुणी, कोणत्या दिवशी, काय पाहून घेतला याचा कागद मागायचा हक्क तुझा आहे. तो कागद नसेल तर निर्णय झालाच नव्हता असं धरून चाल.

सर्व्हे अहवालाचं तुला जरा सविस्तर सांगतो, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. तुझ्या टेबलावर येतो तो अंतिम अहवाल. छापील, बांधलेला, सहीशिक्क्याचा. पण पाइप त्या दिवशी दिसलेला नसतो. तो दिसतो जहाजावर. आरओव्ही, म्हणजे जहाजावरून चालवलं जाणारं कॅमेऱ्याचं पाण्याखालचं यंत्र, पाइपवरून सरकत असतं, पडद्याच्या कोपऱ्यात किलोमीटर पोस्टचा, म्हणजे पाइपवरच्या अंतराचा, आकडा पुढं जात असतो, गाळ उडाला की चित्र करडं होतं, मग निवळतं. अॅनोड (गंज रोखणारा धातूचा तुकडा) दिसला, फ्री स्पॅन (खालचा आधार सुटून अधांतरी राहिलेला भाग) सुरू झाला, स्पॅन संपला, पाइपवर जाळं अडकलंय, पाइपवरचं संरक्षक कोटिंग निघालंय: प्रत्येक गोष्टीला पाळीवरचा सर्व्हेअर बटण दाबून नोंद करतो आणि नोंदीला तारीख-वेळ आपोआप पडते. रोज संध्याकाळी त्याचा दैनिक अहवाल किनाऱ्यावर जातो, आणि तो वाचणाऱ्यांत कंपनीचा प्रतिनिधी असतो; बहुतेक वेळा तो जहाजावरच असतो. अंतिम अहवाल त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी येतो. आता सांग, कंपनीला कळलं कधी? बांधीव अहवाल टेबलावर आला तेव्हा, की त्या रात्री पडद्यासमोर?

म्हणून मूळ इव्हेंट लिस्ट, म्हणजे जहाजावरच्या त्या नोंदींची यादी, आणि दैनिक अहवाल मागव. अंतिम अहवालाशी ओळ न् ओळ ताडून बघ. जहाजावर नोंदलेला एखादा स्पॅन छापील तक्त्यात नसेल, तर तो का गळला हे लेखी विचार. कारण बरोबरही असू शकतं, दोन नोंदी एकत्र केलेल्या असतात. पण उत्तर लेखीच घे. मातीच्या थराचे आकडे वाचताना उपकरणाची अचूकता किती तेही पाहा. १४ इंच माती लिहिलंय आणि उपकरण चार इंच इकडेतिकडे दाखवू शकतं, तर तो पाइप सुरक्षित रकान्यात कसा बसतो?

आता अलास्काकडे ये. कुक इनलेट या खाडीत हिलकॉर्प कंपनीची ८ इंची लाइन होती. १९६५ ची, मुळात कच्च्या तेलासाठी टाकलेली, पुढं समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मना गॅस पुरवायला वापरात आणलेली. ७ फेब्रुवारी २०१७ ला कंपनीच्या हेलिकॉप्टरमधून पाण्यावर बुडबुडे दिसले. मीटरच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या तेव्हा गळती डिसेंबरच्या अखेरीसच सुरू झाली असावी असं दिसलं. दिवसाला दोन-तीन लाख घनफूट गॅस पाण्यात जात होता, आणि बर्फामुळे पाणबुडे उतरवता येत नव्हते.

लोकांनी विचारलं, मग लाइन बंद का करत नाही? कंपनीचं म्हणणं होतं की दाब काढला तर आत पाणी शिरेल आणि जुन्या काळचं उरलेलं तेल बाहेर पडेल. हे कारण खोटं नव्हतं. अशा वेळी नियामकाची खरी कसोटी लागते, कारण समोरचा अडचण खरी सांगतोय आणि गॅसही वाहतोच आहे. तिथल्या पाइपलाइन सुरक्षा प्रशासनानं ३ मार्चला नोटीस दिली: १ मेपर्यंत दुरुस्ती करा, नाहीतर लाइन बंद करा. एप्रिलच्या मध्याला बर्फ हटल्यावर पाणबुड्यांनी गळतीच्या जागी आवळून बसणारा क्लॅम्प बसवला. पाइप तळावरच्या दगडावर घासून गेला होता.

त्या नोटिशीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मागची हकिकत. याच लाइनला २०१४ मध्ये, जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये, दोनदा गळती झाली होती, आणि तेव्हाही खडकाळ तळाशी घासणं हेच कारण होतं. आता 'कळलं कधी' हा प्रश्न या प्रकरणाला लाव. कंपनीला कळलं फेब्रुवारीत. मीटरला कळलं डिसेंबरात. या लाइनखाली दगड आहेत आणि ते पाइप खातात, हे मात्र २०१४ पासून माहीत होतं. तीन तारखा आहेत. कंपनी पहिली सांगते. उरलेल्या दोन तुला काढाव्या लागतात. कुठल्याही लाइनची फाइल हातात आली की आधी जुन्या दुरुस्त्यांचा इतिहास वाच, ताजा सर्व्हे नंतर.

दंडाबद्दल तू विचारलंस. दंड हवाच, पण तो सुनावण्या होऊन फार उशिरा येतो आणि मोठ्या कंपनीला तो खर्चाच्या वहीतली एक ओळ असते. तारीख आणि परिणाम दोन्ही लिहिलेला आदेश माझ्या मते जास्त काम करतो. "त्वरित कार्यवाही करावी" असं कधीही लिहू नकोस. त्वरित म्हणजे कधी, हे ठरवायला तू त्यांनाच बसवतेस.

हवेतून पाहणीवर फार विसंबू नकोस. मेक्सिकोच्या आखातात २०२१ च्या सुमारास जवळपास ८,६०० मैल चालू लाइन होत्या. २०२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं स्पष्ट लिहिलं की तिथला नियामक मुख्यतः महिन्यातून एकदा वरून पृष्ठभाग पाहण्यावर आणि दाबाच्या सेन्सरवर भिस्त ठेवतो, समुद्राखालची तपासणी सर्वसाधारणपणे मागत नाही, आणि या पद्धतींनी गळती सापडेलच याचा भरवसा नाही. बुडबुडे दिसले म्हणजे पाइप फुटून झालेला असतो.

आपल्याकडचं तुला ठाऊक आहेच. २७ जुलै २००५, मुंबईजवळच्या समुद्रातला मुंबई हाय नॉर्थ हा तेल-वायू प्लॅटफॉर्म. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडाली होती. भर पावसाळ्यात 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलं, धडकलं, तळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारा गॅसचा रायझर फुटला आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळाला. २२ माणसं गेली, ३६२ वाचली. समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षिततेचे नियम आले २००८ मध्ये, आणि अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आली. रायझर हा त्याच पाइपलाइनचा उभा भाग आहे. तळावरचे किलोमीटरच्या किलोमीटर तपासताना त्याला विसरू नकोस, विशेषतः लाटांच्या पट्ट्यातला तुकडा आणि जहाजं जिथं लागतात ती बाजू.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या नियमात नाही. पाइप कुठं उघडा पडलाय हे पुष्कळदा सगळ्यात आधी मच्छीमाराला कळतं, कारण त्याचं जाळं तिथं अडकतं. पण तो सांगत नाही. प्रतिबंधित पट्ट्यात होतास म्हणून आपल्यावरच कारवाई होईल, ही त्याची भीती असते. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांत जा, चेअरमनशी बोल, बोटी चालवणाऱ्या तांडेलांना भेट. नाव न लिहिता फक्त जागा सांगा, असा शब्द दे आणि तो पाळ. त्यांनी सांगितलेल्या जागा नकाशावर मांड आणि कंपनीच्या सर्व्हेवर ठेवून बघ.

त्या बैठकीचं म्हणशील तर अजून काही हातचं गेलेलं नाही. उद्याच पत्र घाल. गेल्या दोन सर्व्हेंच्या इव्हेंट लिस्ट, दैनिक अहवाल, त्या पट्ट्यातल्या जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी आणि मीटरचे आकडे मागव, आणि उत्तराची तारीख लिही. पावसाळा सरून समुद्र उघडला की पुढच्या सर्व्हेला निदान एक पाळी तू स्वतः जहाजावर बस. परवानगीचा अर्ज आत्ताच करून ठेव, ऐन वेळी बर्थ शिल्लक नसतो.

उत्तर आलं की कळव.

तुझा,
काका