आखडलेली कंबर, डागाळलेले दात आणि बोअरचे पाणी

आपल्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाविषयी आपण तीन गोष्टी लिहिल्या आहेत: पहाटे आखडणारी कंबर, दातांवरचे लहानपणापासूनचे तपकिरी पट्टे, आणि बैलाच्या धक्क्याने लहान वयात निखळलेला, पुन्हा बसवलेला व आता हाडाला चिकटलेला पुढचा दात. गावच्या बोअरला फ्लोराईड असल्याने घरची मंडळी या तिन्हींचा दोष पाण्याला देतात. मी यवतमाळ जिल्ह्यातच राहतो, अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसचा (मणके आखडून एकमेकांना जोडले जाणाऱ्या सुजेच्या आजाराचा) जुना रुग्ण आहे, आणि माझ्या मते या तिन्हींचे कारण एक धरले तर कंबरेचा तपास मागे पडेल.

दाताचा विषय लवकर संपतो. दात आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा अस्थिबंध असतो. दात निखळून कोरडा पडला की त्या बंधाच्या पेशी मरतात आणि पुन्हा बसवलेला दात थेट हाडाशी जोडला जातो. वाढत्या वयात जबडा वाढतो, हा दात मात्र जागचा हलत नाही, म्हणून तो शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसतो आणि तार लावूनही सरकत नाही. याचा कंबरेशी काहीही संबंध नाही. (घरात लहान मुले असतील तर लक्षात ठेवावे: निखळलेला पक्का दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्यावा.)

पट्टे बहुधा फ्लोराईडचेच असावेत. परंतु ते इतकेच सांगतात की साधारण आठ वर्षांच्या आत, दातांचे कवच घडत असताना, पोटात फ्लोराईड जास्त गेले. आजच्या दुखण्याचा तो पुरावा नव्हे. हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराईडने होणारा हाडांचा आजार, सहसा बरीच वर्षे असे पाणी प्याल्यानंतर होतो. त्यात हाडे दाट होतात, पाठीच्या कण्याचे अस्थिबंध आणि हाताच्या दोन हाडांमधला पडदा यांत चुना साचतो, म्हणून पाठीबरोबर कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्स-रेही काढून घ्यावा. त्याच हापशीचे पाणी पिणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या माना आणि पाठी आखडल्या आहेत का, हेही विचारावे.

आता मुख्य गोष्ट. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेले, तीन महिन्यांहून जास्त टिकलेले, पहाटे झोपेतून उठवणारे दुखणे, जे डवरणीला लागल्यावर मोकळे होते आणि पडून राहिल्यावर वाढते, ते बहुधा श्रमाचे दुखणे नसते, मला असलेल्या अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसची शंका त्यावरून घ्यावी. आपल्याकडे त्याला वात म्हणून मालिश आणि चटके देण्यात वर्षे जातात, हे मला सर्वांत खटकते. या आजारात अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतात तिथे सूज येते, पुढे त्या जागी नवे हाड तयार होते आणि मणके एकमेकांना जोडले जातात. सुरुवात बहुधा कंबरेखालच्या एसआय सांध्यांत (कण्याचे खालचे टोक आणि कटीचे हाड जिथे जुळतात तिथे) होते. तिथला एक्स-रे पहिली काही वर्षे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र सूज आधी कळते. एचएलए-बी २७ ही रक्ततपासणीत कळणारी आनुवंशिक खूण बहुतांश रुग्णांत सापडते, तरी केवळ तिच्यावरून निदान होत नाही आणि ती नसली म्हणून आजार नाही असेही ठरत नाही. या आजारात डोळ्यालाही सूज येऊ शकते, म्हणून डोळा अचानक लाल होऊन उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

तपासासाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम हा उपचाराचा पाया आहे. त्याने भागले नाही तर जैविक इंजेक्शने (सूज वाढवणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे) देतात, त्याआधी क्षयाची तपासणी होते. दुकानातून स्वतःहून गोळ्या घेत राहू नये, कारण पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्या बाधतात. कण्याला झटका देणाऱ्या वैदूकडे तर मुळीच नेऊ नये, जोडलेला कणा थोड्या मारानेही मोडू शकतो. विडी असल्यास सोडावी.

पाण्याचे काम वेगळे, पण तेही करावे. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तोवर नमुना तपासून सुरक्षित ठरलेल्या उघड्या विहिरीचे पाणी स्वयंपाकाला आणि पिण्याला वापरावे, विशेषतः घरात आठ वर्षांखालचे मूल असेल तर.