चाणक्यच्या पाणथळीवरील पक्षी छोटा टिलवाच आहे

नवी मुंबईतील नेरुळच्या टी. एस. चाणक्य पाणथळीवर ऑक्टोबरमध्ये आपण छायाचित्रांत टिपलेल्या या चिमणीएवढ्या पक्ष्याचे पाय पिवळसर दिसतात, म्हणून तो टेमिंकचा टिलवा (टिलवा म्हणजे चिखलकाठी चरणारा छोटा स्थलांतरित पक्षी) असावा, असा आपला अंदाज आहे. माझ्या मते मात्र हा छोटा टिलवा आहे.

छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकचे पिवळसर-हिरवट, हा फरक खरा. परंतु खाडीकाठचा चिखल पायांवर वाळला की काळे पायही मातकट-पिवळे दिसू लागतात. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात पायाच्या सांध्यावरचा, चिखल न लागलेला भाग पाहावा. तो स्वच्छ काळा आहे. शिवाय छातीचा मध्य पांढराशुभ्र असून तपकिरी छटा केवळ बाजूंना आहे. टेमिंकची छाती करड्या-तपकिरी रंगाने भरलेली असते, त्यामुळे तो तुतवार या पाणथळीवरच्याच पक्ष्याच्या लहानशा आवृत्तीसारखा भासतो. तो बहुधा गवताच्या आडोशाने, गोड्या पाण्याच्या काठी दबकत फिरतो आणि उडताना त्याच्या शेपटीच्या शुभ्र कडा दिसतात. छोटा टिलवा उघड्या चिखलावर भराभर चोच मारत पळत असतो.

पाठीवरच्या दोन पांढऱ्या रेघा या छायाचित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पिसांच्या तांबूस कडा आणि या रेघा सांगतात की हा याच वर्षी उत्तर ध्रुवाकडील टुंड्रात, स्कँडिनेव्हिया ते सायबेरिया या पट्ट्यात कुठेतरी, उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेला पिल्लू-पक्षी आहे. या जातीत प्रौढ पक्षी आधी निघतात आणि पिल्ले मागाहून येतात, म्हणजे जेमतेम 20 ते 40 ग्रॅम वजनाच्या या जिवाने पहिलाच प्रवास आईबापांच्या सोबतीशिवाय पार केला आहे. हे मला आजही थक्क करते.

पुन्हा जाणार असाल तर भरतीचे वेळापत्रक पाहूनच जावे. ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या चिखलात दूरवर पांगतात; पाणी चढू लागले की हळूहळू काठाकडे सरकतात आणि तेव्हा निरीक्षण उत्तम होते. पूर्ण भरतीला ते पाणथळीवर दाटीने विसावतात. अशा वेळी छायाचित्रासाठी पुढे सरकू नये, कारण प्रत्येक अकारण उड्डाणात त्यांची साठवलेली चरबी खर्च होते, आणि एप्रिल-मेमधील परतीच्या प्रवासाचे इंधन तीच असते. सूर्य पाठीशी ठेवून, बसून वाट पाहिल्यास पक्षी बरेचदा स्वतःच जवळ येतात. पुढच्या वेळी आवाजही टिपता आला तर पाहावे: छोट्याचा आखूड, तीक्ष्ण 'टिट', तर टेमिंकचा लांबलेला 'टिर्रर्र'.