दहशतवादविरोधी कायद्यांवर ‘नजर ठेवण्याचं’ करिअर असतं का?

प्रश्न : मुलगी अकरावी कला शाखेत आहे, दहावीला ८८ टक्के होते. इंग्लंडात दहशतवादाच्या कायद्यांवर लक्ष ठेवणारा एक स्वतंत्र वकील असतो असं तिनं कुठंतरी वाचलं आणि आता तेच व्हायचं म्हणते. माझं कृषी सेवा केंद्र आहे, मला यातलं काही कळेना. घरचे म्हणतात, पुण्याला यूपीएससीच्या क्लासला टाका. असं काम आपल्याकडं असतं का? आणि उद्या पोरीच्या मागं पोलिसांचं लचांड लागलं तर?
— एक पालक, जिंतूर, जि. परभणी

उत्तर : नमस्कार. मुलीनं वाचलंय ते खरं आहे. ब्रिटनमध्ये २०१९ पासून हे काम जोनाथन हॉल बघतात. ते सरकारी नोकर नाहीत, वकिली सांभाळून हे करतात. त्यांना गोपनीय कागद बघता येतात आणि त्यांचा अहवाल संसदेपुढे जातो. कायदा बदलायचा अधिकार मात्र त्यांना नाही. तरी लेखणीला वजन असतं : आधीचे निरीक्षक डेव्हिड अँडरसन यांच्या २०१५ च्या अहवालानंतर २०१६ मध्ये तिथं पाळतीचा कायदाच नव्यानं झाला. त्यांच्यानंतरचे मॅक्स हिल तर हे पद सोडून २०१८ मध्ये सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख झाले. म्हणजे खटला चालवणारा आणि कायद्यावर नजर ठेवणारा, दोघांची तालीम एकाच फौजदारी कोर्टात झालेली असू शकते. ऑस्ट्रेलियातही २०१० च्या कायद्यानं असं पद आहे.

आपल्याकडं अशी एक खुर्ची नाही, त्यामुळं तिची जाहिरात कधी येणार नाही. देखरेख आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. यूएपीए, म्हणजे १९६७ चा बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा घ्या. २००८ च्या दुरुस्तीनंतर दहशतवादाच्या कलमांखाली खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, आणि त्याआधी एका स्वतंत्र प्राधिकरणानं पुरावा तपासून शिफारस करायची असते. नियमानं प्राधिकरणाला ७ कामकाजाचे दिवस, त्यानंतर सरकारला ७. पुरावा सोमवारी पोचला तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी प्राधिकरणाची मुदत संपली, मधे सुट्टी आली तर तेवढी पुढं. सर्वोच्च न्यायालयानं फुलेश्वर गोपे प्रकरणात (सप्टेंबर २०२४) ही मुदत यापुढं काटेकोर पाळायची असं सांगितलं. तेव्हा अशी फाइल हातात आली की वकील आधी तीन तारखा शोधतो : पुरावा कधी पोचला, शिफारस कधी झाली, मंजुरीवर सही कधी झाली. मग शिफारशीत कारणं दिलीत की नुसतं ‘पुरावा पाहिला, मंजुरी द्यावी’ एवढंच आहे, ते बघतो. तुमच्या लेकीला जे काम हवंय त्याची बाराखडी हीच.

दुसरा तुकडा सरकारी वकिलाकडं. यूएपीएखाली दोषारोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढते, पण सरकारी वकिलानं तपासाची प्रगती आणि कोठडीची नेमकी कारणं लिहून दिली तरच. पोलिसांचा अर्ज तसाच पुढं ढकलणं म्हणजे अहवाल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळातच, १९९४ मध्ये हितेंद्र ठाकूर प्रकरणात बजावलं होतं.

तिसरा तुकडा स्थानबद्धतेचा, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवण्याचा, आणि तो तुम्हाला जवळचा, कारण मराठवाड्यातल्या जिल्ह्यांतले असे आदेश छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढं आव्हानाला येतात. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात (१९८०) कारणं साधारणपणे ५ दिवसांत कळवायची, जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पोलिस आयुक्तांच्या आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मान्यता, ३ आठवड्यांत प्रकरण आदेशाची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाकडं, ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल. मंडळापुढं वकील उभा करायचा हक्क नाही, म्हणून सगळी भिस्त कागदावर. आदेश कुठं फसतात? झेरॉक्स वाचताच येत नाही, कारणं माणसाला समजणाऱ्या भाषेत दिलेली नाहीत, त्याचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला. दोषी की निर्दोष हा मुद्दा तिथं येतच नाही.

ही यंत्रणा पुरेशी स्वतंत्र आहे का? माझ्या मते नाही. मंडळं सरकारच नेमतं, आणि फोन टॅपिंगचे आदेश तपासणाऱ्या समितीत तर सगळे सचिवच. पण म्हणूनच हे जाणणाऱ्या वकिलांची गरज आहे.

आता वाट. यूपीएससी वाईट नाही, पण त्यातून ती मंजुरीवर सही करणाऱ्या बाजूला जाईल. तिला तपासणाऱ्या बाजूला जायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम. संभाजीनगरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट : १२० प्रश्न, २ तास, चुकलं की पाव गुण वजा, पेपर इंग्रजीतच. बहुतेक पालक इथं चुकतात, कारण ही परीक्षा बारावीच्या बोर्डाआधी, डिसेंबरात होते. फॉर्म त्याआधी काही महिने सुटतो. म्हणजे तुमच्याकडं पुढचा डिसेंबर आहे, त्याच्या पुढचा उन्हाळा नाही. विद्यापीठाची फी जड वाटली तर राज्याची एमएच सीईटी विधी द्या. तिथं गुण कापत नाहीत आणि पेपर मराठीतही असतो. त्यातून नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. अधिवास दाखला, आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर, आत्ताच हलवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर झुंबड उडते.

क्लॅट दिली किंवा नाही दिली, इंग्रजी टाळता येणार नाही. उच्च न्यायालयाची भाषा तीच. रोज एक निकालपत्र, त्यातली फक्त पाच पानं, आणि त्यावर मराठीत दहा ओळी. वर्षभरात फरक कळेल.

पैशाचं आधीच सांगतो. फौजदारी वकिलीत पहिली तीन-चार वर्षं घरचा आधार लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात नव्या वकिलांनाही मानधनावर घेतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील तिथूनच मिळतो, त्यामुळं शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. न्यायाधीश व्हायचं मनात आलं तरी मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तीन वर्षांची वकिली आधी हवीच.

लचांडाचं म्हणाल तर, वकीलपत्र घेणं हा गुन्हा नाही. अटक झालेल्याला पसंतीचा वकील मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २२ नं दिलेला हक्क आहे. एक पथ्य मात्र तिला आत्ताच सांगा : बंदी असलेल्या संघटनांची पत्रकं, व्हिडिओ फोनवर साठवायचे नाहीत, ‘अभ्यासासाठी’ म्हणून कुणाला फॉरवर्डही करायचे नाहीत. अभ्यासाला कायदा आणि निकालपत्रं भरपूर आहेत.

आणि क्लासची फी भरण्याआधी तिला सुट्टीत एक दिवस परभणीच्या सत्र न्यायालयात नेऊन बसवा. सुनावणी साधारणपणे खुली असते. मोबाइल बंद ठेवायचा आणि मागच्या बाकावर बसायचं. दिवसभरात नुसत्या तारखाच पडल्या आणि तिला कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.