मोनॅको हवे की स्पा?

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या वेळापत्रकात मोनॅकोला अजूनही जागा असावी का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : ३.३३७ किलोमीटरच्या त्या अरुंद रस्त्यांवर पुढची गाडी ओलांडणे जवळजवळ अशक्य असल्याने रविवारची शर्यत बहुधा सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या शनिवारच्या पात्रता फेरीतच ठरून जाते, ही तक्रार खरी आहे. तरीही कठड्याला चाक घासू न देता गाडी काढण्याचे कसब तिथे जसे दिसते तसे क्वचितच दिसते, म्हणून ती राहावी. मात्र एकच निवडायची झाल्यास माझा कौल बेल्जियमच्या स्पा या ट्रॅकला : सात किलोमीटरच्या त्या फेरीत एका वळणावर पाऊस आणि दुसऱ्यावर कोरडा रस्ता असू शकतो. (अंधेरीत सर आणि दादरला ऊन पाहणाऱ्यांना याचे नवल नाही.) आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या, दोष ट्रॅकचा नव्हता, करांचा वाद आडवा आला.